भार कोणी घ्यायचा, खोक्याने की मालाने?

खोकी बनवणाऱ्याच्या टेबलासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "किती प्लाय?" माल जड असेल तर गिऱ्हाईक ठसक्यात "फाइव्ह प्लाय" म्हणतं, फारच जड असेल तर "सेव्हन". वजन वाढलं की थर वाढवायचे, एवढंच गणित बहुतेकांना ठाऊक असतं. पण भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमध्ये बसलेली, फाटलेली, पोट सुटलेली खोकी पाहिलीत तर त्यांत फाइव्ह प्लायचीही भरपूर सापडतील. थर मोजण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. वाटेत या खोक्यावर जो भार येणार, तो खोक्याने घ्यायचा आहे की आतल्या मालाने?

याचं उत्तर मालागणिक किती बदलतं हे बघायला कोल्हापूर आणि मिरज एवढी दोन गावं पुरेत. दोघांत अंतर पन्नासेक किलोमीटरचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग असं ओतीव काम बाहेर पडतं. मिरजेतून सतारी आणि तंबोरे जातात. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पंचवीस किलोच्या कास्टिंगवर माणूस उभा राहिला तरी त्याला ढिम्म फरक पडत नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर कोणी जोरात कोपर टेकलं तर तडा जाईल. कास्टिंगच्या खोक्याचं काम आतून फाटू नये एवढंच. तंबोऱ्याच्या खोक्याने मात्र वरचा सगळा भार स्वतःच्या भिंतींवर घ्यायचा असतो, आतल्या जिन्नसापर्यंत त्यातला किलोभरही पोचू द्यायचा नसतो. ही दोन कामं वेगळी, त्यांच्या चाचण्या वेगळ्या आणि कागदही वेगळा.

पन्हळी पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो. हे झालं थ्री प्लाय. आणखी एक नागमोडी आणि एक सपाट कागद लावला की फाइव्ह, तसंच पुढे सेव्हन. नागमोडी थराला फ्लूट म्हणतात आणि त्याच्या उंचीवरून नावं पडली आहेत. ए फ्लूट सगळ्यात उंच, साडेचार-पाच मिलिमीटरचा. सी चारच्या आत, बी अडीच-तीनचा, आणि ई जेमतेम दीड मिलिमीटरचा, पिझ्झाच्या डब्यात असतो तो. उंच फ्लूट थप्पीत जास्त भार पेलतो आणि धक्काही थोडा जिरवतो. बी बुटका असला तरी दाट असतो, टोकदार वस्तू रुतली तरी चटकन चिरडत नाही. जड मालाच्या फाइव्ह प्लायमध्ये म्हणूनच बहुधा बी आणि सी किंवा ए आणि बी अशी जोडी असते, आणि बी बाहेरच्या अंगाला ठेवतात.

खरी गोम कागदात आहे. क्राफ्ट कागद दोन आकड्यांवर विकला जातो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन आणि बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की तो कागद फुगवून फोडायला किती दाब लागेल ते किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये मिळतं. 100 जीएसएम, 16 बीएफचा कागद 1.6 ला फुटतो. 180 जीएसएम, 22 बीएफचा जवळपास 4 पर्यंत टिकतो. दोन्हींपासून फाइव्ह प्लायच बनतं, बिलावरही फाइव्ह प्लायच लिहिलं जातं आणि ताकदीत अडीच पटींचा फरक असतो. गिऱ्हाईक प्लाय विचारतं आणि दरात घासाघीस करतं. मग दर कुठून उतरवायचा हे खोकेवाल्याला बरोबर कळतं. यात त्याला फार दोष देता येत नाही. त्याला दुसरं काही विचारलेलंच नसतं.

कागदाइतकीच पुठ्ठ्याची बनावटही महत्त्वाची, आणि ती घरच्या घरी तपासता येते. नमुन्याचा एक कोपरा ब्लेडने सरळ कापून उजेडात धरा. फ्लूटच्या कमानी गोल, उभ्या दिसल्या तर पुठ्ठा जिवंत आहे. एका अंगाला झोपलेल्या किंवा माथ्यावर चेपलेल्या दिसल्या तर बनवतानाच तो दाबला गेला आहे. लहान कारखान्यांत मशीनवर फक्त फ्लूट पाडून एका कागदाला चिकटवतात. पुढचे थर खळ लावून हाताने जोडले जातात आणि वजनाखाली थप्पी लावून वाळवले जातात. तिथे दाब जास्त झाला की पाच मिलिमीटरचा पुठ्ठा चारवर येतो. व्हर्नियर कॅलिपर असेल तर मोजून बघा. मग दोन थरांमध्ये नख घालून सोलून पाहा. कागदाचे तंतू उपटून निघाले तर चिकटवण नीट झाली आहे, पापुद्रा स्वच्छ सुटला तर खळ कमी पडली किंवा वाळलीच नाही. पावसाळ्यात घेतलेल्या मालात हे हटकून तपासावं, कारण ही खळ मक्याच्या स्टार्चची असते आणि आषाढात ती वाळता वाळत नाही.

या पुठ्ठ्याचा जन्म वजन पेलण्यासाठी झालेलाच नाही. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये पन्हळी कागदाचं पहिलं पेटंट निघालं ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. दोन्ही बाजूंना सपाट कागद आला तो त्यानंतर, 1874 मध्ये, आणि मग त्याची खोकी होऊ लागली.

आता थप्पीकडे वळू. उभा भार खोक्याच्या भिंतींमधले उभे फ्लूट घेतात, वाड्याच्या खांबांसारखे. भाराचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा चार कोपऱ्यांतून खाली उतरतो. पुठ्ठ्याची पट्टी कडेवर उभी करून चिरडायला लागणाऱ्या जोराला ईसीटी म्हणतात. त्यावरून अख्ख्या खोक्याची ताकद काढायचं सूत्र मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये अमेरिकेत मांडलं. जाडीला परिघाने गुणून वर्गमूळ काढायचं आणि त्याला ईसीटीने आणि 5.87 ने गुणायचं. समजा, खोकं 40 बाय 30 सेंटीमीटरचं, पुठ्ठा साडेसहा मिलिमीटरचा आणि ईसीटी मिलिमीटरमागे 8 न्यूटन. हिशेब येतो साधारण 450 किलो. परीघ वर्गमुळात असल्याने तो दुप्पट केला तरी ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपासच वाढते, आणि मोठ्या खोक्यात माल मात्र कितीतरी जास्त मावतो. जड मालाला लहान खोकं बरं, याचं कारण इथेच आहे.

450 किलो वाचून हुरळून जाऊ नका. हा आकडा कोरड्या प्रयोगशाळेत क्षणभर दाबलेल्या खोक्याचा आहे. तेच खोकं महिनाभर भाराखाली राहिलं तर ताकदीतले सुमारे 40 टक्के जातात. हवेची आर्द्रता 50 वरून 90 टक्क्यांवर गेली की ती निम्म्यावर येते, आणि कोकणपट्टीत चार महिने तेवढी आर्द्रता असतेच. खोकं पॅलेटच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटीमीटर लोंबलं की कोपरे अधांतरी राहतात. विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून थप्पी लावली की थप्पी ढळत नाही खरी, पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या कोपऱ्यावर न येता मऊ मध्यावर येतो. म्हणून जाणकार त्या 450 ला चार किंवा पाचने भागतात. उरतात शंभरेक किलो. म्हणजे वीस किलोच्या खोक्यावर आणखी पाच, त्याहून जास्त नाही.

कास्टिंगवाल्याला या हिशेबाची फारशी फिकीर नसते. त्याला धास्ती असते तळाची. नेहमीच्या खोक्यात बाहेरच्या दोन झडपा मध्ये भेटतात आणि आतल्या दोन लांब राहतात, त्यामुळे तळाच्या मधोमध पुठ्ठा एकपदरीच असतो. पंचवीस किलोचं ओतीव काम नेमकं तिथे आदळतं. उपाय साधा आहे: तळाशी पूर्ण मापाचा जाड पुठ्ठ्याचा पॅड, झडपांवर मधली आणि कडेच्या अशा तिन्ही रेषांवर टेप, आणि आत इंचभरही मोकळी जागा नाही. बबल रॅप इथे कुचकामी. एका खड्ड्यात त्याचे फुगे फुटतात आणि पुढची सगळी वाट लोखंड आतून घणाचे घाव घालत जातं. त्याऐवजी पुठ्ठ्याचेच कापीव साचे बसवावेत, तेही टोकावर न टेकता मालाच्या सपाट, भक्कम भागावर टेकणारे. गंज धरू नये म्हणून व्हीसीआय पिशवी हवी. तेलकट कास्टिंग नुसत्या पुठ्ठ्यात ठेवलं की तेल पुठ्ठ्यात मुरतं आणि पुठ्ठा नरमतो.

निर्यातदार लाकडी पेटीऐवजी सेव्हन प्लायकडे वळले त्यामागे एक कारण नियमाचं आहे. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम 15 हा नियम लागतो. किडी मराव्यात म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवायचं आणि वर तसा शिक्का मारायचा. पुठ्ठ्याला ही अट नाही. मात्र खाली लाकडी पॅलेट असेल तर त्याला शिक्का लागतोच. हे विसरलं की माल बंदरात अडकून पडतो.

तंबोऱ्याचं खोकं ठरवताना पहिली गोष्ट बघायची ती हे खोकं प्रवास उभ्याने करणार की आडवं पडून. लांबट खोकं टोकाकडून उघडणारं बनवलं तर त्याचे फ्लूट लांबीच्या दिशेने धावतात. ते टेम्पोत आडवं टाकलं की खांबच आडवे होतात आणि वर ठेवलेल्या पहिल्याच पोत्याने भिंत बसते. म्हणून झाकण लांब अंगाला हवं. त्यातही टेलिस्कोपिक, म्हणजे झाकण तळापर्यंत उतरणारं असेल तर उत्तम, सगळ्या भिंती दुहेरी होतात. आत तंबोरा भोपळ्यावर टेकवू नये. दांडीला दोन-तीन ठिकाणी खाचेच्या पुठ्ठ्याचे आधार द्यावेत, भोपळ्याभोवती मऊ वेढा असावा आणि भिंतीपासून तो चहूबाजूंनी चार-पाच बोटं दूर राहावा. तारा सैल करायच्या आणि खुंट्यांवर बाजूने दाब येणार नाही हे बघायचं. पेणच्या गणेशमूर्तीलाही हाच न्याय लागतो: पाट घट्ट धरायचा, हात, सोंड आणि मुकुट यांना कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही.

वेड्यावाकड्या वस्तूला तिच्याच आकाराचं निमुळतं खोकं करून भाडं वाचवायचा मोह होतो. ते वाचत नाही. कुरिअरवाले सगळ्यात लांब, रुंद आणि उंच टोकं मोजतात, सेंटीमीटरमधला गुणाकार बहुधा 5000 ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असला तर त्याचे पैसे लावतात. 150 बाय 50 बाय 50 चं खोकं कागदावर 75 किलोचं होतं, मग आतला तंबोरा कितीही हलका असो. पैसे त्या चौकोनाचे जाणारच असतील तर दांडीच्या दोन्ही बाजूंची रिकामी जागा आधार बसवायला वापरावी.

घरून पार्सल पाठवणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे टीव्हीच्या किंवा किराण्याच्या जुन्या खोक्यात पुस्तकं भरणं. एकदा दुमडून उघडलेल्या, ओल खाल्लेल्या खोक्याचे कोपरे आधीच मेलेले असतात. पुस्तकांना लहान, नवं खोकं घ्या. पुढच्या वेळी खोकेवाल्याकडे गेलात की प्लाय सांगू नका. मालाचं वजन, तो स्वतः भार घेऊ शकतो की नाही, थप्पी किती उंच लागणार आणि वाटेत पाऊस आहे का, एवढं सांगा आणि बिलावर जीएसएम आणि बीएफ लिहून घ्या. आणि पार्सल घ्यायची वेळ आलीच तर सही करण्यापूर्वी चारही कोपरे पाहा. एखादा चेपलेला दिसला तर त्याचा फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहा. कोऱ्या पावतीवर सही करून बसलात तर नंतर भरपाई मागताना हातात काहीच उरत नाही.