मधल्या पायरीवरचे आकाश

"डॉक्टरसाहेब, उडायला कामशेतपर्यंत कशाला जाता? आपल्या टेकडीवरूनच झेप घ्या की!" दर हिवाळ्यात नातवाला दाखवायला आणणारे कोणी ना कोणी आजोबा माझ्या देवासच्या दवाखान्यात हा प्रश्न विचारतातच. मी हसून विषय बदलतो. परंतु या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे असे पुष्कळ दिवस मनात होते. स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी 'रोगाव्यतिरिक्त काहीही लिहा' अशी सूट दिली, म्हणून हा प्रपंच.

पॅराग्लायडिंग हा तसा तरुण खेळ आहे. १९७८ साली फ्रान्समधील मिओसी या गावी काही पॅराशूटपटूंनी विमानाऐवजी डोंगरउतारावरूनच धावत उड्डाण केले आणि या खेळाची मुहूर्तमेढ रोवली गेली. आपल्याकडे हिमाचलातील बीड-बिलिंग येथे २०१५ मध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. महाराष्ट्रात पुणे-लोणावळ्याच्या मधले कामशेत हे या खेळाचे माहेरघर. चाळिशी ओलांडल्यावर मी तिथेच धडे गिरवले. इंदूरहून रात्रीची बस धरायची, दोन दिवस उडायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा लसीकरणाला हजर, असा क्रम कित्येक वर्षे चालला.

पॅराग्लायडरचे सुरक्षिततेनुसार 'ए' ते 'डी' असे चार वर्ग युरोपीय मानकाने ठरवले आहेत. 'ए' हा नवशिक्यांसाठी, तर 'बी' हा सर्वसाधारणपणे मधल्या पायरीवरच्या वैमानिकांसाठी. पन्नासेक तासांचे उड्डाण झाल्यावर मीही मोठ्या ऐटीत 'बी' वर्गाचा पॅराग्लायडर घेतला. माझ्या मते या खेळातील सर्वांत धोक्याची पायरी हीच. नवशिका भीतीमुळे जपून वागतो, मुरलेला अनुभवामुळे. मधल्याचे हात शिकलेले असतात, पण निर्णयशक्ती अजून कच्ची असते. निवासी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाची आठवण करून पाहा. पहिल्या वर्षी आपण प्रत्येक गोष्ट वरिष्ठांना विचारत होतो, दुसऱ्या वर्षी विचारणे कमीपणाचे वाटू लागले होते!

त्या काळातील माझा एक प्रसंग सांगतो. एका हिवाळ्यात सकाळच्या दवाने ओला झालेला पॅराग्लायडर मी घाईघाईने तसाच गुंडाळला आणि पुढे कित्येक आठवडे तो मोटारीच्या डिकीत पडून राहिला. नंतरच्या खेपांना तो धावतेवेळी डोक्यावर यायला आळस करू लागला. मी दोष माझ्या हातांना दिला आणि आणखी जोराने ओढू लागलो. एप्रिलमधल्या एका दुपारी वारा वाढला, म्हणून लवकर उतरावे या हेतूने मी दोन्ही कडा आत दुमडल्या. काही वेळाने त्या सोडल्या. कडा उघडल्या, पण वेग आला नाही. कानांतला वाऱ्याचा आवाज एकाएकी थांबला. छत वर नीट पसरलेले दिसत होते आणि मी मात्र सरळ खाली चाललो होतो.

बालरोगतज्ज्ञाला शांततेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आक्रोश करणाऱ्या मुलापेक्षा कोपऱ्यात निपचित पडलेल्या मुलाकडे आपण आधी धावतो. उड्डाणातही तसेच आहे. आवाज गेला म्हणजे पुढे जाण्याचा वेग गेला. शिकवल्याप्रमाणे मी दोन्ही ब्रेक पूर्ण सोडले आणि पायाने गतिवर्धक दाबला. पॅराग्लायडरने नाक खाली घातले आणि वारा पुन्हा कानांत वाहू लागला. उंची हाताशी होती म्हणून निभावले. खाली उतरल्यावर मात्र पाय बराच वेळ कापत होते.

तपासणीसाठी पाठवल्यावर कारण उमगले. मागच्या ओळीतील दोऱ्या काही सेंटिमीटर आखडल्या होत्या. पुढच्या दोऱ्यांवर अधिक भार असल्याने त्या ताणलेल्या राहतात. मागच्यांवर भार कमी, त्यामुळे ओल आणि वापर यांनी त्या आखडतात. परिणामी छत कायम थोडे मागे कललेले राहते, गती घटते आणि ते वाऱ्यावरची पकड सुटण्याच्या सीमेजवळ उडू लागते. डोळ्यांना यातले काही दिसत नाही. 'बी' हा शिक्का शांत हवेत, कुशल चाचणी-वैमानिकाने, नव्या पॅराग्लायडरला मिळवून दिलेला असतो. आपल्या डिकीत कुजलेल्या पॅराग्लायडरला तो लागू नाही!

तेव्हापासून काही नियम मी कसोशीने पाळतो. कापडाचा मुख्य शत्रू ऊन. उड्डाण संपताच ते गुंडाळावे, उगाच पसरून ठेवू नये. ओले झाल्यास सावलीत पूर्ण वाळवावे. मळल्यास साधे पाणी आणि मऊ स्पंज एवढेच वापरावे, साबण वर्ज्य. आत टोळ-किडे अडकले नाहीत ना, हे पाहावे, कारण ते कापड कुरतडतात. दोऱ्यांवर पाय देऊ नये आणि त्यांना तीक्ष्ण घडी पडू देऊ नये. साठवणीची जागा थंड व कोरडी असावी. दोऱ्यांची लांबी, कापडाची झिरप आणि ताकद यांची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. बहुतेक निर्माते यासाठी साधारण दोन वर्षे किंवा शंभर तास, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत देतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. राखीव पॅराशूट निदान वर्षातून एकदा उघडून नव्याने घडी करून घ्यावे. शिवाय वैमानिक आणि साहित्य मिळून होणारे एकूण वजन पॅराग्लायडरवर छापलेल्या मर्यादेत असावे. आपण औषधाची मात्रा किलोनुसार देतो, तसेच हे.

उड्डाणापूर्वीची यादी तर कधीही टाळू नये. शिरस्त्राण, पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर, राखीव पॅराशूटची पिन, दोऱ्या, छत, वारा आणि समोरचे आकाश. पायांचे पट्टे विसरून उडणे ही अनुभवी माणसांच्या हातून होणारी जीवघेणी चूक आहे. गप्पांत किंवा फोनमुळे तपासणी मध्येच तुटली, तर ती पहिल्यापासून करावी. अशा याद्यांचा जन्मही एका अपघातातून झाला. १९३५ साली बोईंगचे एक नवे बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळले, कारण अत्यंत अनुभवी वैमानिक एक कुलूप काढायला विसरला होता. त्यातूनच तपासणी-यादीची प्रथा रुजली. पुढे तीच शस्त्रक्रियागृहात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीचा आठ रुग्णालयांतील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्युदर दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे दिसले. ज्ञान तेच होते, फक्त विसरणे कमी झाले.

आपणा डॉक्टर मंडळींसाठी आणखी एक सूचना. या खेळातील गंभीर इजा प्रामुख्याने पाय आणि पाठीचा कणा यांना, विशेषतः छाती-कंबरेच्या सांध्यावरील मणक्यांना होतात. पडलेला वैमानिक 'मी ठीक आहे' म्हणत उठू लागला, तरी त्याला उठू देऊ नये. श्वसन सुरळीत असेल, तर हार्नेस ओढून काढण्याची घाई करू नये. आधी छत आवळून वाऱ्यापासून सुरक्षित करावे, म्हणजे ते त्याला फरफटत नेणार नाही, आणि मग कणा स्थिर ठेवून हलवावे.

आता आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर. देवासची टेकडी चामुंडा मातेच्या भक्तांनी गजबजलेली असते. पायथ्याशी दाट वस्ती, विजेच्या तारा, वर रोपवे. उतरायला मोकळे मैदान नाही. धारकडून मांडूला जाताना काकडा खोहची दरी मोहात पाडते खरी, पण तिथेही तळाशी उतरायला जागा नाही, आणि वारा पठारावरून दरीकडे वाहत असेल, तर कड्याआड भोवरेच भोवरे. देवासजवळच्या जामगोदरानीच्या पवनचक्क्या पाहून 'तिथे तर भरपूर वारा आहे' असेही कोणी सुचवतात. परंतु पवनचक्की पूर्ण क्षमतेने फिरायला ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वारा लागतो, आणि माझ्या पॅराग्लायडरचा कमाल वेगच तेवढा! तशा वाऱ्यात पुढे जायचे म्हटले तरी तो मागे, पात्यांकडेच जाईल.

आज पन्नाशी उलटल्यावरही मी स्वतःला मधल्याच पायरीवर समजतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. गेल्या मोसमात सहाशे किलोमीटर प्रवास करून कामशेतला पोहोचलो. दोन्ही दिवस वारा अयोग्य होता. पॅराग्लायडर न उघडताच परतलो. घरी सौभाग्यवतींनी विचारले, "मग काय केलेत दोन दिवस?" मी म्हटले, "उड्डाण केले नाही." माझ्या वहीत त्या दोन दिवसांची नोंद आहे आणि ती मला इतर नोंदींहून अधिक मोलाची वाटते. सोमवारी सकाळी दवाखान्याबाहेर मुले नेहमीप्रमाणे रडत होती. तो आवाज फार सुखाचा वाटला.