दसऱ्याचा नीलपंख, रुमालावर

दसऱ्याला आपण आपट्याचं सोनं वाटतो, इथले शेजारी जम्मीची म्हणजे शमीची पानं देतात. गौलीगुड्यातल्या मराठी घरांत दोन्ही चालतं. त्या दिवशी तेलंगणात आणखी एक रीत आहे, पालपिट्ट्याचं दर्शन. पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख, तेलंगणाचा राज्यपक्षी. दसऱ्याला तो दिसणं शुभ मानतात.

पूर्वी त्यासाठी लोक शेताकडे जात. आता शहरात शेतं कुठली? मग काही जण पक्षी पकडून पिंजऱ्यात घालतात आणि पैसे घेऊन दाखवतात. उडू नये म्हणून पंख बांधतात, कधी कापतातही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे. मागच्या दसऱ्याला असा पिंजरा पाहून माझ्या लेकीनं विचारलं, "बाबा, हा उडत का नाही?" उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्या आठवड्यात आम्ही ठरवलं, यापुढे घरात दर्शन भरतकामातल्या नीलपंखाचं. टाके आईनं शिकवले. ती शाळेत शिवणाच्या तासाला शिकली होती.

कापडावर पक्षी काढणं आपल्याला नवं नाही. पैठणीवर मोर आणि मुनिया असतात, धारवाडच्या कसूतीत मोर-पोपट. कसूती कापडाचे धागे मोजून करतात. त्याला सराव हवा. नवशिक्यांनी चित्र छापून घेतलेलं बरं.

साहित्य : पांढरं किंवा फिकट सुती कापड, लहान रिंग, भरतकामाची सुई, कार्बन पेपर आणि दोऱ्याच्या लडी : गडद निळा, आकाशी, तपकिरी, पांढरा, काळा. सुलतान बाजारात शिवणसामानाच्या दुकानांत हे सगळं मिळतं. दोऱ्यात सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्या. दोरा हातभर पुरे; लांब घेतला की गुंततो.

कृती :

१. चित्र तळहाताएवढं काढा. डोकं मोठं, मान जाड, चोच दणकट. पंख मात्र उघडे काढा. नीलपंख तारेवर बसला की बराचसा तपकिरी दिसतो. त्याची खरी निळाई उडतानाच दिसते.

२. कार्बननं चित्र उतरवून कापड रिंगमध्ये ताठ बसवा.

३. बाहेरची रेघ तपकिरी दोऱ्यानं देठटाक्यात घाला. लहान मुलांना उलटी टीप सोपी जाते.

४. पंखांवर गडद निळा आणि आकाशी असे पट्टे भरीव टाक्यानं भरा. टाके एकमेकांना चिकटून, पण दोरा न ओढता. ओढला तर कापड चुणतं. पट्टा रुंद असेल तर मधे रेघ मारून दोन भाग करा, म्हणजे टाके लोंबत नाहीत. डोक्याचा माथाही निळा.

५. छातीवर तपकिरी धावदोरा, गळ्यावर पांढऱ्या दोऱ्याचे छोटे उभे टाके.

६. चोच आणि पाय काळ्या साध्या टाक्यांनी, डोळा गाठीच्या टाक्यानं. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्या आणि वर आली त्याच्या अगदी शेजारी सुई खाली घाला.

७. मागे गाठ मारू नका. शेवटचं टोक आधीच्या टाक्यांखालून दोन-तीनदा ओवून कापा.

दोन-तीन संध्याकाळी पुरतात. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्या फार बऱ्या वाटतात. शिवाय आजी आणि नात एका दिव्याखाली बसतात, आणि मुलीला "देठटाका" हा शब्द मराठीतच ठाऊक होतो.

यंदा सोनं द्यायला जाताना सोबत असा एक रुमाल न्या. आणि कुणी पिंजरा घेऊन दारात आलंच, तर पैसे देऊ नका. मागणी थांबली की पकडणंही थांबेल.