गिऱ्हाइकांच्या पायऱ्या

मोठ्या दुकानांत हल्ली गिऱ्हाइकाला कार्ड देतात. खरेदी वाढली की साध्या कार्डाचे रुपेरी होते, रुपेरीचे सोनेरी. आणि दर पायरीला सवलत थोडी वाढते. तुमच्या गावच्या सहकारी ग्राहक भांडाराला अशा पायऱ्या करायच्या असतील, तर त्या कशा कराव्यात?

कल्पना जुनीच आहे. इंग्लंडात रॉशडेल येथे १८४४ साली २८ कामकऱ्यांनी एक दुकान काढले. हिशेब करून उरलेला नफा त्यांनी ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटायचे ठरवले. मुंबईच्या नायगावात (आपल्या वसईजवळच्या नव्हे, दादरकडच्या) १९४८ साली कामगारांनी सुरू केलेला अपना बाजार याच सहकाराच्या वाटेवरचा. वसईकरांना तर सहकार मुळीच परका नाही. इथली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची.

आता हिशेबाकडे वळू. समजा, तुम्ही ठरवलेत की वर्षाला तीस हजारांपर्यंत खरेदी करणाऱ्याला शेकडा १ परतावा आणि त्याहून जास्त खरेदी करणाऱ्याला शेकडा २. एका घराची खरेदी झाली २९,९०० रुपये. त्याला मिळाले २९९. शेजारच्या घराची झाली ३०,१००, त्याला ६०२! दोनशे रुपयांच्या खरेदीने तीनशे रुपयांचा फरक पडला. मग शेजाऱ्याशेजाऱ्यांत धुसफूस होणारच. यावर उपाय सोपा आहे. वाढीव दर फक्त तीस हजारांच्या वरच्या रकमेला लावा. म्हणजे दुसऱ्या घराला पहिल्या तीस हजारांवर ३०० आणि उरलेल्या शंभरावर २, असे ३०२ रुपये मिळतील. पायरी राहिली, पण तिचा कडा झाला नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. पायरी महिन्यामहिन्याने मोजू नका. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा अर्नाळ्याच्या कोळ्याच्या घरात खरेदीला हात आखडतो. वाडीवाल्याच्या हातातही पैसा येतो तो माल निघाला की. वर्षभराची बेरीज धरली तर कोणावर अन्याय होत नाही.

तिसरी गोष्ट अशी, की परतावा शिलकीतून द्यावा, भाव चढवून नव्हे. तांदळावर दोन रुपये वाढवायचे आणि वर्षाअखेर एक परत करायचा, याला सवलत कोण म्हणेल? म्हणून दर आधी जाहीर करताना हात राखून करा. आणि पायऱ्या दोन-तीनच ठेवा, फळ्यावर लिहून लावता येतील इतक्या.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पायरी परताव्यापुरतीच असावी. वजनकाट्यापुढे, रांगेत आणि सभेत सारे सभासद सारखेच. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानेही भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच दिले आहे. पाव किलो साखर नेणाऱ्या म्हातारीला जर आपण खालच्या पायरीवरचे आहोत असे वाटू लागले, तर ती उधारीच्या दुकानाकडे वळेल, आणि भांडार ज्यांच्यासाठी काढले तीच माणसे त्याला मुकतील.

शिक्षकांनी वरचा हिशेब वर्गात जरूर घालावा. शेकडेवारी तर मुलांना येईलच. शिवाय नियम न्याय्य आहे की नाही, हे आकडे मांडून कसे पाहावे तेही कळेल.