५० किलोचा कुत्रा, ६० किलोचा मालक

भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहत गेली, तशा त्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा पाट्याही लागत गेल्या. पूर्वी पाटीमागे बहुधा गावठी कुत्रा असे. आता रॉटवायलर, पिटबुल, कॉकेशियन शेफर्ड अशी नावे कानांवर येतात, आणि आयुष्यात कधी मांजरही न पाळलेल्या घरांत त्यांची पिल्ले आणली जातात. “साखळी दणकट घेतली आहे, मग भीती कसली?” असे वर सांगितले जाते. साखळी तुटणार नाही हे खरे. पण तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न आपल्या पदार्थविज्ञानाचा आहे. चला, थोडे गणित करू.

पूर्ण वाढलेला रॉटवायलर नर सुमारे ५० किलोचा असतो. मालक ६० किलोचा धरू. साखळी २ मीटर लांब आणि ढिली आहे. समोर मांजर दिसते आणि कुत्रा झेप घेतो. त्याचे त्वरण दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद मानले, तर साखळी ताठ होईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.५ मीटर होतो. (गतीचे तिसरे समीकरण वापरून पडताळा पाहा.) त्याचा संवेग झाला २२५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तो ०.२ सेकंदात शून्यावर आणायचा तर सरासरी ११२५ न्यूटन बल हवे. म्हणजे ११० किलोंहून जड पोते हाताने तोलून धरण्यासारखेच की!

यंत्रमाग पाहिलेल्यांना एक गोष्ट आठवेल. धोटा वेगाने पेटीत शिरतो, तेव्हा पेटीतली दाबपट्टी त्याला क्रमाक्रमाने थांबवते. थांबण्याचा काळ वाढला की बल कमी होते. मालकाच्या खांद्याला अशी दाबपट्टी नसते.

बरे, मालक फार बलवान आहे असे समजू. तरी त्याला पाय रोवून धरणार कोण? घर्षण! चप्पल आणि धुळीची फरशी यांचा घर्षणांक ०.५ धरला, तर ६० किलोच्या माणसाला फार तर ३०० न्यूटनचा आधार मिळतो. पावसात त्याहून कमी. तालमीत कितीही घाम गाळला तरी हा आकडा वाढत नाही. कुत्र्याला मात्र चार पाय आहेत, नखे आहेत, आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ आहे.

घसरण्याआधी माणूस बहुधा पडतोच. पाय जुळवून उभे राहिलात, तर तुमच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायाच्या बोटांपासून सुमारे १२ सेंटिमीटर मागे असते. ६०० न्यूटन वजन गुणिले ०.१२ मीटर, म्हणजे ७२ न्यूटन-मीटर आघूर्ण तुम्हाला सावरते. साखळीची ओढ जमिनीपासून १ मीटर उंचीवर, हाताशी, असते. तेव्हा तोल जायला ७२ न्यूटन पुरे. ७ किलो पिठाचा डबा उचलायला लागते तेवढेच बल! एक पाय अर्धा मीटर पुढे टाकून मागे रेलले, तर हीच मर्यादा ३०० न्यूटनांवर जाते. पण रेलायला वेळ हवा, आणि मांजर कुठून येणार ते आधी कुत्र्याला कळते.

म्हणजे मोठे जनावर कोणी पाळूच नये काय? तसे नाही. ४०० किलोच्या खिलार बैलाला दहा वर्षांचा पोरगा ओढ्यावर नेतो. तो काही जोराने नेत नाही. वासरू असल्यापासून बैलाला माणसाची सवय असते, आणि वेसण नाकात असते, जिथे बैलाचा जोर चालत नाही. जू मात्र खांद्यावर, कारण तिथून त्याला सर्वांत जास्त ओढता येते. गंमत पाहा, पुष्कळ लोक कुत्र्याच्या छातीला पट्टे बांधून साखळी पाठीवर अडकवतात. हे जूच झाले!

कुत्र्याचेही ‘वासरूपण’ असते, आणि ते फार लवकर सरते. अमेरिकेतील स्कॉट व फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिल्लू माणसे, आवाज, इतर प्राणी यांना आपले मानायला शिकते. आपल्याकडील २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. म्हणजे नव्या मालकाच्या हाती यातला जेमतेम महिना उरतो. त्याच काळात अनेक घरांत पिल्लाला गच्चीवर बांधून ठेवतात, ‘कडक’ व्हावे म्हणून! ७-८ किलोचे पिल्लू साखळी ओढते तेव्हा कौतुक होते. ‘ओढले की जायला मिळते’ हा धडा ते पाठ करते, आणि वर्षभरात त्याचे वजन सहापट होते. ओढताच थांबायचे, साखळी ढिली होताच चालायचे, हे शिकवायला त्या वयात रोज पंधरा मिनिटेही पुरतात.

मुंबईत नेपिअन सी रोडवर २०१० साली एक वाद चालला होता आणि शेजारच्या मोटारीत रॉटवायलर होता. दार उघडू नका असे सांगितले असतानाही मालकाने ते उघडले. कुत्र्याने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मालकाला ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली अशा निष्काळजीपणाला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. ते कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला रद्द ठरवले. जातींची यादी मलाही अपुरी वाटते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी केवळ ९ टक्के फरक जातीमुळे आढळला. स्वभाव जातीवरून फारसा कळत नाही. वस्तुमान मात्र अगदी नक्की कळते. रागीट पामेरियन चावला तर इंजेक्शने घ्यावी लागतात. तितकाच रागीट मॅस्टिफ चावला तर हाडापर्यंत जखम होते.

आता प्रयोग. सामान तोलायचा आकड्याचा ताणकाटा दोरीला बांधा आणि हिरवळीवर पाय जुळवून उभे राहा. मित्राला कमरेच्या उंचीवरून दोरी हळूहळू ओढायला सांगा, झटका नको. पाऊल पुढे टाकावेच लागते, त्या क्षणी काट्यावर किती किलो दिसतात ते वहीत लिहा. मग एक पाय पुढे रोवून पुन्हा मोजा. घरात ज्या पिल्लाची बोलणी चालू असतील, त्याच्या आईचे आणि बापाचे वजन विचारून त्याच पानावर शेजारी लिहा, आणि वडिलांना दाखवा.