कॅमेरा घेताय? आधी लाईट आणि रेंज बघा, मेगापिक्सेल नंतर

विहिरीवरची केबल रात्रीत कापून नेली, शेततळ्यावरची मोटर सकाळी जागेवर नाही, चाळीतला कांदा कमी भरला, अशा तक्रारी आता कोणत्याच गावाला नव्या राहिल्या नाहीत. त्यात पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आणि वस्तीवर फक्त म्हातारे आई-वडील, नाहीतर घराला कुलूप. बिबट्याचा वावर असलेल्या जुन्नर, सिन्नर, निफाड अशा भागांत तर रात्री दार उघडण्याआधी अंगणात काय आहे ते मोबाईलवर बघून घ्यावं, अशी वेळ आली आहे. म्हणून घरी बसून किंवा परगावाहून बघता येईल असा कॅमेरा बसवायचा विचार अनेक घरांत सुरू आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "दोन मेगापिक्सेल देऊ का चार?" खरं तर हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा, की ज्या रात्री चोर येईल त्या रात्री कॅमेऱ्याला लाईट असेल का? आणि दुसरा, तिथलं चित्र तुमच्या मोबाईलपर्यंत पोचेल एवढी रेंज तिथं आहे का? या दोन गोष्टी नसतील तर दहा हजारांचा कॅमेराही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. त्या असतील तर दोन-अडीच हजारांचा कॅमेराही कामाला येतो.

जागेवरून कॅमेरा ठरतो

घरात ब्रॉडबँड किंवा फायबरचं वायफाय असेल तर वायफाय कॅमेरा घ्यावा. तो सगळ्यात स्वस्त पडतो. घराच्या आत लावायचा साधारण दीड-दोन हजारांत आणि बाहेर पावसात चालणारा दोन ते साडेतीन हजारांत मिळतो. स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, म्हणून राउटरवर ते चालू आहे का बघावं. राउटर आणि कॅमेरा यांच्यामध्ये जाड भिंत किंवा पत्रा आला की रेंज एकदम पडते. गोठ्याला चारी बाजूंनी पत्रे असतील तर घरातलं वायफाय तिथं पोचेल असं गृहीत धरू नका.

वस्तीवर लाईट आहे पण वायफाय नाही, तिथं सिमकार्डवर चालणारा फोर-जी कॅमेरा लागतो. त्याची किंमत साधारण अडीच ते पाच हजार.

विहीर, शेततळं, बाग अशा ठिकाणी दोन्ही नसतं. तिथं सोलर पॅनेल आणि बॅटरी असलेला फोर-जी कॅमेरा घ्यावा लागतो. तो साधारण पाच ते नऊ हजारांच्या घरात जातो.

दुकान, दूध संकलन केंद्र, मोठी चाळ अशा एकाच ठिकाणी चार-पाच कॅमेरे हवे असतील तर वायर ओढून डीव्हीआरचा सेट बसवलेला बरा. खर्च जास्त, पण रेकॉर्डिंग भरवशाचं. मात्र डीव्हीआरचा डबा चोराच्या नजरेस पडेल असा ठेवू नये, कुलपात ठेवावा.

लाईटचं गणित

छोटा कॅमेरा साधारण पाच वॅट वीज खातो. चोवीस तास चालला तरी महिन्याला चारेक युनिट. बिलाची भीती नाही. अडचण आहे ती लाईट जाण्याची. गावठाणाच्या फीडरवर निदान दिवसभर लाईट राहते, पण शेतीपंपाच्या फीडरवर ती पाळीपाळीने काही तासच असते. मोटरीच्या स्टार्टरजवळून कॅमेऱ्याला वायर काढून दिली तर पाळी संपली की कॅमेरा बंद. शिवाय तिथला व्होल्टेज कमी-जास्त होऊन ॲडाप्टर जळतो तो वेगळाच.

घरासाठी सोपा उपाय म्हणजे छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टर. पण फक्त कॅमेरा त्यावर ठेवून भागत नाही, राउटरही त्यावरच हवा. राउटर बंद पडला की कॅमेरा चालू असूनही मोबाईलवर काही दिसत नाही.

कॅमेरा १२ व्होल्टचा असेल तर झटका मशीनला असते तशी बॅटरीही चालते. १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी चांगली असेल तर पाच वॅटचा कॅमेरा रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास ओढते. कॅमेरा किती व्होल्टचा आहे हे मात्र आधी वाचावं. पाच व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्ट जोडले तर तो जागेवरच जातो.

सोलर कॅमेऱ्याचं पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली पडणार नाही असं लावावं. औषध फवारणीचा थर आणि रस्त्याची धूळ महिन्यातून एकदा पुसावी. पावसाळ्यात सलग आठ दिवस ढग राहिले तर बॅटरी उतरते, हे धरूनच चालावं.

सोलर कॅमेऱ्याची आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. बॅटरी वाचवण्यासाठी यातले बहुतेक कॅमेरे सतत रेकॉर्डिंग करत नाहीत. समोर माणूस किंवा जनावर आलं, की त्याच्या अंगाच्या उष्णतेवरून कॅमेरा जागा होतो आणि थोडा वेळ चित्रीकरण करून पुन्हा झोपतो. ही उष्णता त्याला साधारण २५-३० फुटांपर्यंतच नीट कळते. म्हणून दोन एकरांच्या मधोमध एक कॅमेरा लावून सगळं रान राखलं जात नाही. तो मोटर, केबल, फाटक अशा नेमक्या जागेवर रोखून लावावा.

रेंज तपासायची सोपी युक्ती

फोर-जी कॅमेरा विकत घेण्याआधी जे सिम टाकणार आहात ते एका मोबाईलमध्ये घाला. कॅमेरा जिथं लावायचा तिथंच उभं राहून रात्री आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे गर्दीच्या वेळी, दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करा. समोरच्याला तुमचं चित्र न अडखळता दिसलं तर कॅमेरा चालेल. नुसता यूट्यूबवर व्हिडिओ बघून ठरवू नका. यूट्यूबला डेटा खाली येतो, कॅमेऱ्याला तो वर पाठवावा लागतो, आणि खेड्यात अडतं ते वर पाठवतानाच.

आता रिचार्जचा हिशोब. दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चित्र पाठवतो असं धरलं, तर मोबाईलवर एक तास लाईव्ह बघायला ४५० एमबी डेटा जातो. म्हणजे रोज दीड जीबीच्या प्लॅनमध्ये तीन तास बघता येईल. दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटं बघणाऱ्याला काहीच अडचण नाही. मात्र सतत क्लाउडवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं तर दिवसाला जवळपास ११ जीबी लागतील आणि सिम साडेतीन तासांच्या आतच थंड पडेल. सिमवरच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर आणि फक्त सूचना मोबाईलवर, असंच ठेवावं.

रिचार्ज महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये धरला तरी वर्षाला तीन ते साडेतीन हजार होतात. कॅमेऱ्याच्या किमतीत हा आकडा मिळवूनच परवडतं का ते ठरवा. सिम स्वतःच्या नावावरचंच वापरा. काही कॅमेऱ्यांत कंपनीचंच सिम बसवलेलं असतं, त्याचा रिचार्ज कितीला पडतो आणि दुसरं सिम चालतं का हे आधी विचारा.

रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?

वरच्याच वेगाने ६४ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवसांचं आणि १२८ जीबीच्या कार्डात अकरा-बारा दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. लग्नाला किंवा वारीला आठ-दहा दिवस घर बंद ठेवणाऱ्यांनी १२८ जीबीचंच घ्यावं. कार्ड पक्क्या बिलावर घ्या, कारण बाजारात खोटी कार्डं खूप आहेत. कॅमेऱ्यासाठीचं जास्त टिकाऊ कार्ड वेगळं मिळतं, ते थोडं महाग असलं तरी फायद्याचं.

चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही जातं. म्हणून कॅमेरा आठ-दहा फूट उंचीवर, हाताला न लागेल असा लावावा. जमलं तर दुसरा छोटा कॅमेरा पहिल्याकडे तोंड करून लावावा.

रात्रीचं चित्र आणि जाहिरातीतला आकडा

'रात्री १०० फुटांपर्यंत दिसतं' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की तिथं कुणीतरी आहे हे दिसतं. चेहरा ओळखायचा तर दोन मेगापिक्सेलच्या, रुंद चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यापासून माणूस १५ फुटांच्या आसपास हवा. रात्री हेडलाईट समोर असली की गाडीचा नंबरही सहसा वाचता येत नाही. म्हणून मोठ्या अंगणाचं एकच चित्र घेण्यापेक्षा फाटक किंवा दार, जिथून माणसाला जावंच लागतं, तिथं कॅमेरा रोखा.

हलणाऱ्या फांद्या, कुत्री, कॅमेऱ्यावरचं कोळ्याचं जाळं, दिव्याला येणारे किडे यांनी रात्रभर मोबाईल वाजत राहतो. चार दिवसांनी वैतागून माणूस सूचना बंद करतो आणि पाचव्या रात्री चोर येतो. म्हणून 'फक्त माणूस दिसला तर कळव' अशी सोय असलेलाच कॅमेरा निवडा आणि जाळी अधूनमधून झाडा.

बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६५, ६६ किंवा ६७ असा आकडा बघा. पहिला सहा म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा, पाच किंवा त्याहून मोठा असला की पावसाची काळजी नाही.

कॅमेरा तुमचा, पण बघतंय कोण?

राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांतून महिलांच्या तपासणीची चित्रं चोरून ती इंटरनेटवर विकली जात असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्याआधी २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कारण साधं होतं, कंपनीने दिलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. घरातल्या लेकी-सुना ज्या अंगणात वावरतात तिथलं चित्र परक्याच्या हाती जाऊ नये, यासाठी एवढं कराच:

- ॲपमधलं खातं स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडा. बसवणाऱ्याच्या नंबरवर खातं राहिलं तर तुमचं घर त्यालाही दिसत राहतं.
- पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. गावाचं नाव, गाडीचा नंबर, १२३४५६ असले पासवर्ड ठेवू नका.
- घरच्यांना दाखवायचं असेल तर पासवर्ड सांगत बसू नका, ॲपमधल्या 'शेअर'ने त्यांना जोडा. नको झालं की काढता येतं.
- झोपायच्या खोलीत कॅमेरा लावू नका.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सायबर सुरक्षेसाठी केंद्र सरकारने काही अटी घातल्या असून एप्रिल २०२५ पासून त्या सक्तीच्या आहेत. कॅमेऱ्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी खरी आहे का ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. क्रमांक नसलेला स्वस्त माल घेऊ नका.

शेजारधर्म आणि कायदा

कॅमेऱ्याचं तोंड आपल्या दारावर, आपल्या मालावर असावं. शेजाऱ्याची न्हाणी, अंगण किंवा पाणवठा त्यात येत असेल तर भावकीत भांडण ठरलेलंच. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चोर दिसला तर

मोबाईलवर माणूस दिसला म्हणून एकट्याने काठी घेऊन मळ्याकडे धावू नका. आधी ११२ ला फोन करा, शेजाऱ्यांना उठवा. ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू असलेल्या गावांत तिच्या नंबरवरून सगळ्यांना एकाच वेळी कळवता येतं. परगावी असणाऱ्याने वस्तीशेजारच्या दोन-तीन घरांचे नंबर आधीच घेऊन ठेवावेत. कॅमेरा चोर दाखवतो, त्याला अडवायला माणसंच लागतात.

चोरी झालीच तर मेमरी कार्ड लगेच काढून जपून ठेवा आणि कॅमेऱ्यात दुसरं टाका, नाहीतर जुनं चित्र पुसलं जाईल. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या व्हिडिओचा दर्जा उतरतो, त्यामुळे पोलिसांना मूळ कार्डच दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याबद्दल तपास अधिकाऱ्याला विचारा. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का हे मात्र आजच बघून ठेवा. चुकीची वेळ पडलेल्या रेकॉर्डिंगवर पुढे शंका काढली जाते.

दुकानात हे विचारा

- हा सतत रेकॉर्डिंग करतो, की कुणी आल्यावरच?
- क्लाउडचे पैसे न भरता कार्डावरचं जुनं रेकॉर्डिंग मोबाईलवर बघता येतं का?
- किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं?
- ॲडाप्टर किती व्होल्टचा?
- ॲप मराठीत किंवा हिंदीत आहे का?
- वॉरंटी किती, आणि बिघडला तर तालुक्याला दुरुस्त होतो की बाहेर पाठवावा लागतो?

पक्कं जीएसटी बिल घ्या. आणि बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी एकदा मेन स्विच बंद करून बघा. घरातला लाईट गेल्यावरही तुमच्या मोबाईलवर दार दिसतंय, तर काम बरोबर झालं.