प्रोग्रेसिव्ह प्रेसमधील प्रायमर-पुरवठा : दोष, कारणे व निराकरण

प्रस्तावना :

बंदुकीच्या आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. बार झाल्यानंतर यांपैकी केवळ पितळी पुंगळी शाबूत राहते आणि सामान्यतः चारही घटकांत तीच अधिक खर्चाची असते. त्यामुळे रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरण्याची प्रथा अमेरिकेतील क्रीडा-नेमबाजांत व शिकाऱ्यांत दीर्घकाळापासून रूढ आहे. तेथे हे काम घरच्या कार्यशाळेत केले जाते. भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथे दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. तेथे प्रशिक्षित कामगार व स्वतंत्र सुरक्षा-व्यवस्था असते. अमेरिकेतील घरगुती पुनर्भरणात ही सर्व जबाबदारी एकट्या व्यक्तीवर येते. या कामातील सर्वाधिक अडचणीचा टप्पा म्हणजे प्रायमरचा पुरवठा होय. त्यातील दोष कसे ओळखावेत व दूर करावेत, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रायमरचे स्वरूप :

प्रायमर म्हणजे धातूची एक लहानशी टोपी. तिच्यात आघाताने पेटणारे मिश्रण असते व त्यावर ऐरणीसारखा एक लहान तुकडा बसविलेला असतो. बंदुकीची आघातसुई टोपीवर आदळली, की मिश्रण टोपी व ऐरण यांच्यात चिरडले जाऊन पेटते आणि ज्योत छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. पूर्वी या मिश्रणात मर्क्युरी फल्मिनेट असे. पुढे त्याची जागा प्रामुख्याने लेड स्टिफ्नेटने घेतली.

१८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी प्रायमरच्या दोन भिन्न रचना पुढे आणल्या. बॉक्सर रचनेत ऐरण प्रायमरमध्येच असते व पुंगळीच्या तळाशी मध्यभागी एकच छिद्र असते. बर्डन रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते व तिच्या बाजूंना सामान्यतः दोन छिद्रे असतात. इतिहासाचा योगायोग असा, की इंग्रज अधिकाऱ्याची रचना अमेरिकेत रुजली व अमेरिकनाची युरोपात. मध्यभागी छिद्र असल्यामुळे सुईच्या साहाय्याने जुना प्रायमर बाहेर ढकलता येतो. म्हणूनच घरगुती पुनर्भरण बॉक्सर रचनेवर आधारलेले आहे. या प्रायमरचे दोन मुख्य आकार आहेत : लहान, ०.१७५ इंच व्यासाचा आणि मोठा, ०.२१० इंच व्यासाचा.

यंत्राची कार्यपद्धती :

साध्या प्रेसमध्ये एका वेळी एका पुंगळीवर एकच क्रिया होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये फिरत्या तबकडीवर अनेक पुंगळ्या असतात आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीत निरनिराळ्या स्थानकांवर निरनिराळ्या क्रिया एकाच वेळी घडतात. जुना प्रायमर काढणे व पुंगळी मूळ मापास आणणे, नवा प्रायमर बसविणे, दारू घालणे, गोळी बसविणे असा हा क्रम असतो.

प्रायमर साधारणतः शंभरच्या संख्येने एका उभ्या नळीत, एकावर एक, रचलेले असतात. डिलन कंपनीच्या ५५० या सुपरिचित प्रेसमध्ये नळीखाली एक सरकपट्टी असते. दांडा खाली ओढला असता ती मागे जाऊन एक प्रायमर उचलते. दांडा वर नेला असता तो पुंगळीखाली आणते. आणि दांडा पुढे दाबला असता प्रायमर खोबणीत बसतो. त्याच कंपनीच्या ६५० प्रेसमध्ये सरकपट्टीऐवजी फिरती चकती होती. तिच्यामुळे न वापरलेला प्रायमर परत न जाता बाहेर टाकला जाई. २०१९ मध्ये आलेल्या ७५० मध्ये पुन्हा सरकपट्टीची पद्धत स्वीकारण्यात आली.

येथे एक बाब लक्षणीय आहे. प्रायमर नळीतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि हे वजन अत्यल्प असते. थोडी धूळ वा दारूचा एखादा कणही त्याची वाट अडवू शकतो. उलट, दांड्यामुळे हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढून प्रायमरवर पडतो. प्रायमरला खाली आणणारे बल क्षीण आणि त्याला चिरडू शकणारे बल प्रचंड, या विषमतेतच या टप्प्याचा धोका सामावलेला आहे.

दोष व त्यांची कारणे :

१) प्रायमर येतच नाही : नळी रिकामी नसल्यास प्रथम तिच्या तळाशी असलेले प्लॅस्टिकचे टोक पाहावे. ते झिजले वा तडकले असल्यास प्रायमर अडकतो. नळीच्या आतील मळ हे दुसरे कारण. तिसरे व वारंवार आढळणारे कारण म्हणजे सरकपट्टी पूर्ण मागे न जाणे. सांडलेली दारू व जुन्या प्रायमरची काजळी तिच्या मार्गात साचते. पट्टी किंचित अलीकडेच थांबते आणि तिचा खळगा नळीच्या बरोबर खाली येत नाही.

२) प्रायमर आडवा वा उलटा येतो : नळी भरतानाच एखादा प्रायमर उलटा गेलेला असू शकतो. नळीचे टोक व पट्टी यांत अंतर अधिक असल्यास तो वाटेत कलंडतो. प्रेस बाकाला घट्ट बसविलेला नसेल, तर प्रत्येक हिसक्याने हा दोष वाढतो.

३) प्रायमर येतो, परंतु खोबणीत शिरत नाही : येथे दोष बहुधा पुंगळीचा असतो. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर निसटू नये म्हणून खोबणीची कड आत दाबलेली असते; ती काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही. .४५ एसीपी जातीच्या पुंगळ्या लहान व मोठ्या अशा दोन्ही खोबणींच्या मिळतात; मिसळलेल्या ढिगातील लहान खोबणीत मोठा प्रायमर दाबला गेल्यास तो चिरडतो. जुना प्रायमर पूर्ण न निघणे हेही एक कारण आहे.

४) प्रायमर उंच राहतो : दांडा पुढे पूर्ण न दाबणे, तबकडी सैल असणे वा खोबणीत मळ असणे ही याची कारणे होत. प्रायमर पुंगळीच्या तळाशी समपातळीत वा किंचित आत असला पाहिजे. उंच प्रायमर रिव्हॉल्व्हरच्या चक्राला अडतो. एम-१ गरँडसारख्या स्वयंभरण रायफलीत तर चाप न ओढताच बार होण्याचा संभव असतो. बोटाचे टोक फिरवून प्रत्येक पुंगळी तपासणे हा यावरील साधा उपाय आहे.

निराकरणाची पद्धत :

दांड्याला नेहमीपेक्षा वेगळा अडथळा जाणवताच हात थांबविणे, हा पहिला नियम होय. वेगाची सवय झालेला हात अशा वेळी स्वाभाविकपणे अधिक जोर लावतो आणि अपघाताचे मूळ तेथेच असते. नळीच्या तोंडाशी एक प्रायमर पेटला, तर वरील सर्व प्रायमर एकापाठोपाठ पेटू शकतात. याच कारणास्तव अनेक प्रेसमध्ये नळीभोवती जाड पोलादी आवरण असते. मात्र आवरणामुळे स्फोटाची दिशा बदलते, स्फोट टळत नाही. नळीत अडकलेले प्रायमर काडीने ठोसून खाली ढकलण्याचा मोह म्हणूनच सर्वथा टाळावा. ते सहज निघत नसल्यास नळी बाजूला ठेवून निर्मात्याचा सल्ला घ्यावा.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा ही प्रत्येक वेळची पूर्वअट आहे. त्यानंतर सुटे निघणारे प्रायमर व दारू यंत्रापासून दूर करावी. मग रिकामे यंत्र सावकाश चालवून पट्टीची हालचाल पाहावी. आधी स्वच्छता, नंतर जुळणी आणि शेवटी सुटे भाग बदलणे, हा क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल केल्यास खरे कारण हाती लागते. प्रायमरच्या मार्गात तेल घालू नये. तेलाने धूळ चिकटते व प्रायमर निकामी होऊ शकतो. शिल्लक प्रायमर मूळ वेष्टनातच ठेवावेत. बाटलीत वा डब्यात एकत्र ओतलेले प्रायमर एकदम पेटू शकतात.

निष्कर्ष :

प्रायमर-पुरवठ्यातील बहुतेक दोषांचे मूळ मळ, चुकीची जुळणी किंवा विजोड पुंगळी यांपैकी एकात सापडते. या तिन्हींपैकी एकही दोष जोर लावून दूर होत नाही. जोराने फक्त दोषाचे रूपांतर अपघातात होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसची रचना वेगासाठी झाली असली, तरी तिच्या सुरक्षित वापराचे खरे गमक योग्य क्षणी थांबता येण्यात आहे.