सीमाभागातील द्विभाषिकता आणि अनुवादकाची जिज्ञासा : उमा कुलकर्णी यांच्या अनुवादकार्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे रेल्वे जंक्शन आहे. येथून एक लोहमार्ग वाडीकडे, तर दुसरा विजयपूरमार्गे गदगकडे जातो. या परिसरातील अनेक कुटुंबांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी असा व्यवहार चालतो. कन्नड बोलता येते, परंतु लिपी वाचता येत नाही, अशी स्थिती सर्रास आढळते. अशा व्यक्तीला वाङ्मयीन अनुवाद करता येईल काय, याचे उत्तर उमा कुलकर्णी यांच्या कार्यात मिळते.

श्रवणातून अनुवाद :
बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांना कन्नड लिपी अवगत नव्हती. त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि ते ऐकून त्या मराठी लेखन करीत. एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष' या कादंबरीच्या अनुवादासाठी त्यांना १९८९ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. विरुपाक्ष यांनी मराठी साहित्य कन्नडमध्ये नेले.

भाषा आणि इतिहास :
'कादंबरी' हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने रूढ आहे. मात्र कन्नडमधील 'तायि' म्हणजे आई, तर मराठीतील 'ताई' म्हणजे थोरली बहीण. कन्नडमधील 'नावु' या एका सर्वनामासाठी मराठीत 'आम्ही' की 'आपण' हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. ऐकणारा समोर असूनही त्या समूहात आहे की नाही, हे प्रसंगाच्या आकलनाशिवाय कळत नाही. केवळ शब्दकोश येथे अपुरा पडतो.

'पर्व' (१९७९) मध्ये भैरप्पांनी महाभारताकडे चमत्कार वगळून मानवी व सामाजिक दृष्टीने पाहिले. मराठी वाचकासमोर १९६७ मध्येच 'युगान्त' आणि 'मृत्युंजय' आलेले होते. म्हणून अशा कृतीच्या अनुवादकाला नियोगादी प्रथांचा इतिहास जसा जाणावा लागतो, तसेच वाचकाच्या मनातील कर्ण वा द्रौपदी यांच्या प्रतिमांचेही भान ठेवावे लागते.

चाहता वाचक :
२०२५ मध्ये दिवंगत झालेल्या भैरप्पांना महाराष्ट्रात मोठा चाहतावर्ग लाभला, तो मुख्यत्वे अनुवादांमुळे. अनुवादक हा लेखकाचा पहिला चाहता असतो; परंतु आवडीपोटी मूळ कृती अधिक गोड करण्याचा मोह त्याला टाळावा लागतो. आवड त्याला कामाला लावते, तर जिज्ञासा त्याला चुकीपासून वाचवते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, लिपीचे अज्ञान ही अनुवादातील अडचण असली तरी अपात्रता नव्हे. सोलापूर परिसरातील महाविद्यालयांत कन्नड वाचू शकणारा एक आणि मराठी लिहू शकणारा दुसरा अशा विद्यार्थ्यांच्या जोड्या सहज करता येतील. घरातील कन्नड ही मराठी शिक्षणातील उणीव न मानता तिच्याकडे भांडवल म्हणून पाहिले, तरच ती पुढील पिढीपर्यंत टिकेल.